आमदारांचा मांडव आणि तहसीलची खिडकी

दसरा-दिवाळी आटोपली की महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांत मांडव उभे राहू लागतात. हे लग्नसराईचे मांडव नव्हेत. बाजार समितीच्या आवारात किंवा हायस्कूलच्या मैदानावर घातलेल्या या मांडवाच्या कमानीवर स्थानिक आमदारांची पुरुषभर उंचीची प्रतिमा असते आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत लिहिलेले असते: भव्य आरोग्य शिबिर, मोफत चष्मेवाटप, शासकीय दाखल्यांचे वाटप, विविध योजनांच्या लाभार्थ्यांचा मेळावा. वाढदिवस जवळ आला असेल तर रक्तदान आणि वह्यावाटपही त्यात येते. निवडणूक जवळ आली असेल तर शिलाई यंत्रे येतात, सायकली येतात, साड्या येतात. पक्ष कोणताही असो, मांडवाचे कापड आणि कार्यक्रमपत्रिका यांत फारसा फरक दिसत नाही.

सकाळी आठपासून माणसे येऊन बसतात. डोक्यावरून पदर घेतलेल्या म्हाताऱ्या, शिधापत्रिकेच्या आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेले शेतमजूर, कुबडी टेकत आलेला कोणी, कडेवर मूल घेतलेली एखादी विधवा. उद्घाटनाची वेळ दहाची असते. प्रमुख पाहुणे साडेबाराला येतात. मग दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगते. वाटप सुरू होईतो दीड वाजलेला असतो. एकेक नाव पुकारले जाते, माणूस पायऱ्या चढून व्यासपीठावर येतो, दाखल्याच्या एका टोकाला त्याचा हात आणि दुसऱ्या टोकाला आमदारांचा, छायाचित्रकार ‘इकडे बघा’ म्हणतो आणि कागद हातात पडतो. म्हातारी वाकून नमस्कार करते. तो नमस्कारही छायाचित्रात येतो.

शहरी पांढरपेशा टीकाकाराला या दृश्याची चेष्टा करणे फार सोपे असते. ती करण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. त्याच्या मुलाचा उत्पन्नाचा दाखला दलाल घरपोच आणून देतो आणि त्याच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया विम्यावर होते. दोन वर्षे धूसर दिसणाऱ्या म्हातारीला शिबिरामुळे मोतीबिंदूची तारीख मिळत असेल आणि पंधरवड्यानंतर तिला आपल्या नातवाचा चेहरा स्पष्ट दिसत असेल, तर ते शिबिर थोतांड आहे असे तिला कोणत्या तोंडाने सांगावे? ज्या कामासाठी तिने तहसीलच्या चार खेपा घातल्या, प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडवली, ते काम मांडवात एका दिवशी झाले. मांडवातील गर्दी भाडोत्री नसते. निदान सगळी नसते. लोक गरजेपोटी येतात, आणि गरज खरी असते.

म्हणूनच प्रश्न वेगळ्या ठिकाणी विचारायला हवा. जे काम मांडवात एका दिवशी होते ते तहसीलच्या खिडकीवर चार खेपांत का होत नाही?

त्याचे उत्तर पुष्कळदा मांडवातच बसलेले असते. टेबलामागे ओळीने बसलेले नायब तहसीलदार, मंडल अधिकारी, तलाठी, ग्रामसेवक, पंचायत समितीचे विस्तार अधिकारी हे सारे तेथे पगारी कामावर असतात. त्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत जाणाऱ्याला रिकाम्या खुर्च्या आणि ‘साहेब शिबिराला गेले’ असे सांगणारा शिपाई भेटतो. डोळे तपासणारे डॉक्टर बहुधा जिल्हा रुग्णालयाचे असतात, आणि मोतीबिंदूची मोफत शस्त्रक्रिया १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाच्या खर्चाने होते. मोठ्या आजाराच्या रुग्णाला ज्या योजनेचे कार्ड दिले जाते ती राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असते. यांतील एकही गोष्ट आमदारांच्या खिशातून येत नाही. त्यांचे स्वत:चे म्हणता येईल असे त्या मांडवात दोनच जिन्नस असतात, कमानीवरची प्रतिमा आणि ध्वनिक्षेपक. पुष्कळदा त्यांचे बिलही दुसरेच कोणी चुकवते, आणि ते का चुकवते हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

याहून वाईट प्रकार दाखल्यांच्या बाबतीत घडतो. तयार झालेले दाखले, मंजूर झालेली प्रकरणे कार्यक्रमाची तारीख ठरेपर्यंत कचेरीतच थांबवून ठेवली जातात, अशी तक्रार तालुक्यातालुक्यांतून ऐकू येते. ज्या कागदावर सही होऊन तीन आठवडे झाले तो कागद मांडवातल्या छायाचित्रासाठी राखून ठेवायचा, आणि तोवर त्या कागदावाचून कोणाचा प्रवेश अडला, कोणाचे अनुदान लांबले, याची पर्वा करायची नाही. ही निव्वळ गैरसोय नाही, कायद्याचा भंग आहे. महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम केला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला. मुदत टळली तर पहिले अपील, दुसरे अपील, त्यानंतर आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड. हा कायदा याच विधिमंडळाने संमत केला. कायद्याच्या भाषेत खिडकीवर आलेला माणूस ‘पात्र व्यक्ती’ असतो. मांडवात शिरताच तो ‘लाभार्थी’ होतो. शब्दांतला हा फरक लहान नाही. पात्र व्यक्तीला मुदत मागता येते, लाभार्थ्याला रांगेतच उभे राहावे लागते.

२०२३ साली या मांडवाला राज्य सरकारनेच भव्य रूप दिले. ‘शासन आपल्या दारी’ या नावाने जिल्ह्याजिल्ह्यांत मेळावे भरले आणि प्रत्येक जिल्ह्याला पंचाहत्तर हजार लाभार्थ्यांचे लक्ष्य नेमून दिले गेले. लोकांना आणण्यासाठी एसटीच्या गाड्या लावल्या गेल्या आणि त्यामुळे नेहमीच्या फेऱ्या रद्द झाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून आल्या. शासन दारी आले म्हणावे, तर माणसांनाच गाडीत बसवून पन्नास मैलांवर नेले होते! आधीच्या सरकारांचे मेळावेही याच जातीचे होते आणि पुढच्यांचेही वेगळे असतील असे मानायला आधार नाही. म्हणून एकट्या सरकारला दोष देऊन हा विषय संपत नाही.

वाटपाच्या गर्दीची किंमत कधी कधी जीव देऊन मोजावी लागते. २००४ च्या एप्रिलमध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, लखनौ येथे एका ज्येष्ठ नेत्याच्या वाढदिवसानिमित्त साड्या वाटण्यात येत होत्या. तेथे झालेल्या चेंगराचेंगरीत वीसहून अधिक स्त्रिया मेल्या. एका स्वस्त साडीसाठी माणसे एवढी का लोटली, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. एका साडीवाचून ज्यांचे अडते अशा इतक्या स्त्रिया एका शहरात का होत्या, हे विचारणारे थोडे होते.

पण मांडवाचे राजकारण खऱ्या अर्थाने समजून घ्यायचे तर साड्या आणि वह्या बाजूला ठेवून संजय गांधी निराधार अनुदान योजनेकडे पाहिले पाहिजे. ही योजना १९८० साली सुरू झाली. निराधार विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराने पीडलेले, अशा ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी ती आहे. अनुदान २०१९ साली सहाशेचे हजार झाले आणि २०२३ साली दीड हजार. इतक्या महागाईत ही रक्कम किती तोकडी आहे हे सांगायला अर्थशास्त्री नको. परंतु ज्या घरात दुसरे काहीच येत नाही तेथे दीड हजार रुपये म्हणजे औषध आणि तेलमीठ असते. तीन-तीन महिने ते आले नाही की म्हाताऱ्या बँकेच्या ओट्यावर दुपारपर्यंत बसून राहतात. पासबुक भरून घेतात, आत काही नाही असे कळते, परत जातात.

या योजनेची अट अशी की दारिद्र्यरेषेखालील जुन्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एकवीस हजार रुपयांच्या आत असले पाहिजे. दिव्यांगांसाठी मर्यादा पन्नास हजारांची केली गेली. इतरांसाठी २०२४ सालीही ती २१,००० रुपयेच होती. एकवीस हजारांना ३६५ दिवसांनी भागले की दिवसाला ५७ रुपये आणि वर काही पैसे येतात. ही एका माणसाची मर्यादा नव्हे, साऱ्या कुटुंबाची. २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाची मजुरी २९७ रुपये होती आणि केंद्राचा कायदा त्या वेळी प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांच्या कामाची हमी देत होता. म्हणजे सरकारने आपली स्वत:ची हमी पुरी पाळली असती तर त्या कुटुंबाला २९,७०० रुपये मिळाले असते, आणि एकाहत्तराव्या दिवशीच त्या घरातील विधवा सरकारदरबारी निराधार राहिली नसती! एका कायद्याने मजुरी द्यायची आणि दुसऱ्या नियमाने तीच मजुरी अपात्रतेचे कारण ठरवायची, असा हा कारभार आहे.

मग लाखो लोकांना हे अनुदान मिळते कसे? उत्तर सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी उच्चारत नाही. तलाठ्याच्या अहवालात उत्पन्न एकवीस हजारांच्या आत लिहिले जाते. तलाठ्याला ते खोटे आहे हे माहीत असते, तहसीलदाराला माहीत असते, अर्जदार बाईलाही माहीत असते. तिचा दोष नाही. तिची गरज सोळा आणे खरी आहे, खोटा आहे तो फक्त नियम. परंतु खोट्या नियमाचा परिणाम असा होतो की खरी गरजू बाई कायमची अपराधी ठरते. तिचे अनुदान कोणत्याही दिवशी, कोणाच्याही तक्रारीवरून, बंद होऊ शकते. ज्याने तो आकडा लिहवून घेतला त्याच्या शब्दाबाहेर ती जाऊ शकत नाही.

आणि आकडा लिहवून घेणारा कोण असतो? या योजनेच्या अर्जांना मंजुरी देणाऱ्या तालुक्याच्या समितीचा अध्यक्ष अशासकीय असतो. त्याची नेमणूक पालकमंत्र्यांच्या शिफारशीने होते. सत्ताधारी पक्षाचा तालुक्यातला वजनदार कार्यकर्ता त्या खुर्चीवर बसतो. सरकार बदलले की समित्या बरखास्त होतात, नव्या होईपर्यंत तहसीलदार कारभार पाहतात आणि प्रकरणे तुंबतात. तुंबलेल्या प्रकरणांचा निचरा पुढे एखाद्या भव्य मेळाव्यात होतो. तेथे मंजुरीची पत्रे वाटली जातात आणि कार्यकर्ता म्हातारीला सांगतो, ‘साहेबांनी तुमचं काम केलं, ध्यानात ठेवा.’ ती ध्यानात ठेवते. गावची माणसे मिठाला जागतात. त्यांच्या या सद्गुणावरच हे सारे राजकारण उभे आहे.

धर्मादाय रुग्णालयांचे उदाहरण याच वळणाचे आहे, पण तेथे फसवणूक अधिक उघडी आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्णपणे मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. त्यासाठी रुग्णालयाच्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा व्हावी लागते. वर्षाला १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंतचे दुर्बल मानले जाते. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचे, कागदपत्रे मागून, असेही त्यात आहे. करांत सवलत आणि चटईक्षेत्राचे लाभ घेतलेल्या संस्थांवरचे हे ऋण आहे.

व्यवहारात मात्र पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाच्या खिडकीवर खेड्यातला माणूस पोचला की त्याला ‘धर्मादायच्या खाटा भरल्या आहेत’ हे उत्तर मिळते. मग तो गावाकडच्या कोणाला तरी फोन लावतो, तो कार्यकर्त्याला, कार्यकर्ता आमदारांच्या स्वीय सहायकाला. पत्र येते, आणि भरलेली खाट रिकामी होते. अनेक आमदारांनी या कामासाठी स्वतंत्र माणसे नेमली आहेत, ती रात्री-अपरात्री धावतात, त्यांच्यामुळे माणसे वाचतात. त्यांच्या धडपडीला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु कायद्याने मिळालेली खाट पत्राने मिळू लागली म्हणजे पत्र नसलेल्याचे काय होते हे विचारले पाहिजे. त्याच्या नावाने कोठे मेळावा भरत नाही आणि त्याचे छायाचित्र निघत नाही. शे-दोनशे पत्रे लिहिणाऱ्या प्रतिनिधीने एक तारांकित प्रश्न विचारून प्रत्येक रुग्णालयातील राखीव आणि प्रत्यक्ष दिलेल्या खाटांची महिनावार आकडेवारी पटलावर मागितली, तर पत्रांची गरज पुष्कळ कमी होईल. पण पत्राची गरज उरली नाही तर पत्र लिहिणाऱ्याची तरी गरज कोठे उरते?

आता आमदारांच्या निधीविषयी. खासदारांचा स्थानिक विकास निधी डिसेंबर १९९३ मध्ये आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात येऊन ग्रामपंचायतींना घटनेचे अधिष्ठान मिळाले होते. गावाला कोणता रस्ता आणि कोणता हातपंप हवा हे गावाने ठरवायचे, असे घटनेने एप्रिलमध्ये सांगितले आणि डिसेंबरमध्ये त्याच हातपंपाचा अधिकार प्रतिनिधीच्या शिफारशीकडे गेला! महाराष्ट्रात आमदारांचा निधी २०२० पूर्वी वर्षाला दोन कोटी होता. २०२० मध्ये तीन कोटी, २०२१ मध्ये चार कोटी आणि २०२२ मध्ये पाच कोटी झाला. करोनाच्या साथीने राज्याचा महसूल आटला असतानाही ही चढण थांबली नाही, आणि तिला सभागृहाच्या कोणत्याही बाजूने विरोध झाला नाही. पाच कोटींच्या हिशेबाने एकट्या विधानसभेच्या २८८ सदस्यांचा निधी वर्षाला १,४४० कोटी होतो. परिषदेचे सदस्य वेगळे. निराधारांची उत्पन्नमर्यादा या तीन अर्थसंकल्पांत एक रुपयाने हलली नाही.

हा पैसा वाया जातो असे कोणी म्हणणार नाही. अनेक शाळाखोल्या, सभामंडप, व्यायामशाळा, गटारे त्यातून झाली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली खासदार निधी घटनाबाह्य नसल्याचा निर्णय दिला, हेही खरे. पण घटनाबाह्य नसणे आणि योग्य असणे यांत अंतर असते. राज्यघटनेच्या कार्याचा आढावा घेणाऱ्या आयोगाने २००२ मध्ये आणि दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्ये असे निधी बंद करावेत अशी शिफारस केली होती. त्यांचे म्हणणे साधे होते. ज्याने सरकारच्या खर्चावर लक्ष ठेवायचे तोच खर्च करू लागला की लक्ष कोण ठेवणार? कंत्राटदाराकडून रस्ता करून घेणारा आमदार विधानसभेत त्याच रस्त्याच्या खडीविषयी प्रश्न विचारणे कठीण असते. प्रत्येक बाकावर, प्रत्येक गटारावर, बसथांब्याच्या प्रत्येक पत्र्यावर ‘यांच्या निधीतून’ अशी पाटी लागते. त्या पाटीवर लोकांच्या करातून असे लिहिलेले पाहण्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सरकारी जाहिरातींत कोणाची छायाचित्रे छापावीत याला मर्यादा घातली आणि २०१६ मध्ये ती सैल करून राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्री यांना मुभा दिली. मंत्री नसलेल्या आमदारांचा त्या सैल यादीतही समावेश नाही. चौकाचौकांतल्या फलकांना मात्र हे कोणी सांगितलेले दिसत नाही.

आमदारांची बाजूही ऐकली पाहिजे. मतदारसंघातला आमदार सकाळी सहाला दार उघडतो तेव्हा अंगणात वीस माणसे उभी असतात. कोणाची बदली, कोणाच्या पोराची फी, कोणाचे जळलेले रोहित्र. सभागृहात त्याने अर्थसंकल्पावर अभ्यासपूर्ण भाषण केले होते म्हणून यांतला एकही माणूस घरी परत जात नाही. विरोधी बाकांवरच्या आमदाराची तर अधिकच कोंडी होते. त्याच्या भागातील कामे अडवली जातात, म्हणून शिबिरे आणि रुग्णवाहिका हेच त्याला शक्य असते. जो हे करत नाही तो पडतो, अशी उदाहरणे आहेत. म्हणजे लोकांनीच आमदाराला दाता बनवले, असा युक्तिवाद होतो आणि त्यात अर्धे तथ्य आहे. उरलेले अर्धे असे की खिडकी बंद ठेवल्यावर माणसे दाराशीच येणार. मागणी लोकांची असली तरी ती तयार कारभाराने केली आहे.

लोकांना एकत्र बोलावण्याची दुसरी रीत याच महाराष्ट्रात होऊन गेली आहे. मृणालताई गोरे १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून आल्या तेव्हा गोरेगावच्या वस्त्यांत पाण्याचे हाल होते. त्यांनी टँकर बोलावून त्यावर आपले नाव घातले नाही. रिकामे हंडे घेतलेल्या बायांना घेऊन त्या महापालिकेच्या अधिकाऱ्यांसमोर गेल्या, पुन:पुन्हा गेल्या, नळ आल्यावरच थांबल्या. ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनी दिले, फलकवाल्याने नव्हे. १९७२ मध्ये त्या विधानसभेत गेल्या आणि त्याच वर्षी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या लाटणे मोर्च्यांत रस्त्यावरही होत्या. एका कामाने दुसऱ्यात अडथळा आला नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख विधानसभेवर अकरा वेळा निवडून आले. त्यांनी आणि नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ पासून आटपाडीला भरवलेल्या पाणी परिषदांना दुष्काळी तेरा तालुक्यांतून माणसे भाकरी बांधून येत. तेथे काही वाटले जात नसे. कृष्णा खोऱ्यातले पाणी समन्यायी तत्त्वाने आमच्या तालुक्यांना मिळाले पाहिजे, असे ठराव होत, त्यांचा हिशेब मांडला जात असे, आणि पुढल्या वर्षी मागच्या ठरावांचे काय झाले ते सांगावे लागे. त्या माणदेशात पुढे टेंभूचे पाणी आले. अजून सर्व गावांना पुरले नाही, म्हणून हिशेब अजून चुकता झालेला नाही. परंतु त्या परिषदेतून घरी जाणारा शेतकरी कोणाचा मिंधा होऊन जात नसे.

आजही अशा रीतीला जागा आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कचेरीत आणि तिसऱ्या सोमवारी तालुक्यात लोकशाही दिन भरण्याची सोय सरकारी आदेशानेच आहे; बहुतेक ठिकाणी तो अर्जांची पोच देण्यापुरता उरला आहे. आमदारांनी एक शिबिर कमी करून त्या सोमवारी तहसीलमध्ये लोकांच्या बाजूच्या बाकावर बसावे. मुदत टळलेल्या दाखल्यांची यादी तेथे मोठ्याने वाचली जावी. निराधार योजनेच्या मंजूर आणि नामंजूर अर्जांची यादी, नामंजुरीच्या कारणासह, ग्रामसभेपुढे यावी, आणि समितीच्या अध्यक्षपदी पक्षाचा माणूस बसवण्याची पद्धत बंद व्हावी. शिबिरात आलेले वैद्यकीय पथक महिन्यातून ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयातच बसले तर मांडवाचे भाडेही वाचेल. यांतील एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

एकवीस हजारांच्या मर्यादेचे तसे नाही. ती तालुक्याच्या मैदानावर बदलता येत नाही. ती मुंबईतच बदलावी लागते, आणि ती बदलून घेण्यासाठीच लोकांनी या २८८ जणांना तेथे पाठवले आहे. अर्थसंकल्पी अधिवेशनात सामाजिक न्याय विभागाच्या मागण्या येतात तेव्हा कपात सूचना देता येते, लक्षवेधी मांडता येते, अर्धा तास चर्चा मागता येते. आयुधे पुष्कळ आहेत. अधिवेशन काही आठवड्यांत गुंडाळले जाते आणि कित्येक विभागांच्या मागण्या चर्चेवाचून एकदम मंजूर होतात, तेव्हा ती वापरायला वेळ नव्हता अशी सबब ऐकू येते. अधिवेशन गुंडाळण्याला हरकत घेणारे सदस्य मात्र बोटांवर मोजण्याइतके असतात.

सभागृहात कोण काय बोलले त्याचे कार्यवृत्त निघते आणि ते कोणालाही वाचता येते. एखाद्या तालुक्यातल्या शिकलेल्या मुलामुलींनी एवढे करावे: आपल्या आमदारांच्या नावापुढे निराधारांची उत्पन्नमर्यादा, धर्मादाय खाटा आणि लोकसेवा हक्क कायद्याची अंमलबजावणी या तीन गोष्टींवर मागील पाच वर्षांत किती ओळी सापडतात ते मोजावे, आणि पुढच्या शिबिरात मनोगते चालू असताना व्यासपीठावर चढून तो आकडा ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवावा. साडेबारापर्यंत मांडवात बसून राहिलेल्यांना तेवढे ऐकायला वेळ असतो.